थांबताच बंद, निघताच सुरू : मोटारीतील स्वयंचलित यंत्रणेचा भरवसा आणि तिच्या उणिवा

अलीकडे घेतलेल्या पुष्कळशा मोटारींत एक गोष्ट नव्या मालकाला प्रथम चकित करते आणि नंतर थोडी अस्वस्थ करते. तांबड्या दिव्यापाशी गाडी थांबली, गिअर न्यूट्रलमध्ये आणून क्लचवरचा पाय काढला की इंजिन आपोआप बंद होते. किल्लीला कोणी हात लावलेला नसतो. पुन्हा क्लच दाबताच अर्ध्याएक सेकंदात ते सुरू होते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत हेच काम ब्रेकवरच्या पायाने होते. ब्रेक दाबून गाडी उभी केली की इंजिन थांबते आणि पाय उचलला की सुरू होते. इंग्रजी ‘ए’ या अक्षराभोवती गोल बाण काढलेली एक लहानशी खूण डॅशबोर्डवर तेवढ्यापुरती उजळते.

मोटार ही वस्तू आता मोजक्या धनिकांच्या अंगणापुरती राहिलेली नाही. गावातील शिक्षक, पंचायतीचे सचिव, काजू-सुपारीचे बागायतदार, टॅक्सीवर पोट भरणारे तरुण या सर्वांच्या दारात ती उभी असते, आणि बहुधा बँकेच्या कर्जावर घेतलेली असते. साहजिकच या यंत्रणेविषयी त्यांच्या मनात येणारे प्रश्न खर्चाचे आणि धोक्याचे असतात. दिवसातून वीस वेळा बंद-चालू होणारे इंजिन लवकर झिजणार नाही काय? स्टार्टर किती दिवस टिकेल? पेट्रोल वाचते म्हणतात ते खरोखर किती? आणि ऐन चढणीवर इंजिन सुरूच झाले नाही तर? विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत आणि इतरत्र मिळतात ती पुष्कळदा ऐकीव असतात. यंत्रशास्त्राचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही समजेल अशा रीतीने त्यांचा विचार येथे केला आहे.

तेलटंचाईत रुजलेली कल्पना

ही कल्पना आजची नव्हे. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि जगभर पेट्रोल महागले. त्यानंतर लगेच, १९७४ साली, जपानच्या टोयोटा कंपनीने आपल्या क्राउन या मोटारीत असे एक उपकरण बसवून पाहिले. गाडी दीडएक सेकंद उभी राहिली की ते इंजिन बंद करी. टोकियोच्या रहदारीत त्याच्या चाचण्या झाल्या. पुढे १९८० च्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीने आपल्या रेगाटा गाडीत आणि १९९४ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने गोल्फच्या एका प्रकारात हाच प्रयोग केला. गिऱ्हाइकांनी त्याचे स्वागत केले नाही. चौकात इंजिन बंद पडणे हे तोवर नादुरुस्तीचे लक्षण मानले जात होते. जे टाळण्यासाठी आपण पैसे मोजतो तेच विकत का घ्यावे, असा लोकांचा सरळ हिशेब होता.

युरोपात मोटारींच्या धुरातील कार्बन डाय-ऑक्साइडवर कायद्याने मर्यादा आल्या, तेव्हा चित्र पालटले. आपल्या देशात महिंद्र कंपनीने २००८ च्या सुमारास बोलेरो व स्कॉर्पिओ या गाड्यांत ही सोय आणली. २०१५ मध्ये मारुतीने सियाझ आणि अर्टिगा यांच्या डिझेल प्रकारांत ती दिली. दुचाकींतही ती आली. हीरो कंपनीची स्प्लेंडर आय-स्मार्ट २०१४ साली आणि होंडाची नवी ॲक्टिव्हा १२५ ही २०१९ साली अशी यंत्रणा घेऊन बाजारात उतरली. २०१७-१८ पासून मोटार उत्पादकांना आपल्या सर्व गाड्यांच्या सरासरी इंधनवापराची मर्यादा पाळावी लागते. त्यामुळे थोड्या खर्चात आकडा खाली आणणारी प्रत्येक युक्ती त्यांना हवीशी वाटू लागली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

१९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था सिग्नलपाशी इंजिन बंद करण्याचा उपदेश वर्षानुवर्षे करीत आली आहे. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये त्यासाठी खास मोहीम चालविली. माणूस जे विसरतो किंवा कंटाळ्याने टाळतो ते यंत्राकडून करून घ्यावे, एवढीच या यंत्रणेमागची मूळ कल्पना आहे.

वाचते किती?

“इंजिन पुन्हा सुरू करताना जे पेट्रोल जाते त्यापेक्षा ते चालू राहिलेले बरे,” असे जुने चालक सांगतात. कार्ब्युरेटरच्या काळात, चोक ओढून इंजिन सुरू करावे लागे तेव्हा, या म्हणण्यात काही तथ्य होते. आज पेट्रोलचा फवारा संगणकाच्या हुकमाने मोजून मारला जातो. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या मोजमापांनुसार तापलेले इंजिन पुन्हा सुरू करण्यास लागणारे इंधन हे तेच इंजिन दहा सेकंद उभ्याने चालविण्यास लागणाऱ्या इंधनापेक्षा कमी असते. म्हणजे थांबा दहा सेकंदांहून अधिक असेल तर बचत निश्चित आहे. प्रश्न आहे तो ती किती, याचा.

लहान पेट्रोल मोटार उभ्याने चालू राहिली तर तासाला साधारण ०.७ लिटर पेट्रोल जाळते. आता म्हापसा ते पणजी असा रोजचा प्रवास करणारा एक कर्मचारी घ्या. जाता-येता सिग्नलवर व रांगेत मिळून त्याचे इंजिन रोज ८ मिनिटे बंद राहिले आणि वर्षाचे ३०० दिवस तो गाडीने गेला, तर वर्षाकाठी ४० तास होतात. ४० तासांचे २८ लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर २,८०० रुपये वाचले. याउलट सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातील एखादा बागायतदार घ्या. त्याच्या वाटेवर सिग्नलच नाही. बाजारात आणि वळणावर मिळून दिवसाला दीड मिनिट थांबला, तर वर्षाचे साडेसात तास, म्हणजे सव्वापाच लिटर आणि ५२५ रुपये होतात. यंत्रणा एकच, गाडीही एकच. पण पहिल्याच्या हिशेबात ती दिसते आणि दुसऱ्याच्या हिशेबात जवळजवळ दिसतच नाही.

मग कंपनीने छापलेला मायलेजचा आकडा दोघांना सारखाच का सांगितला जातो? तो आकडा प्रयोगशाळेत काढलेला असतो. आपल्याकडील चाचणीचा क्रम युरोपच्या जुन्या क्रमावर बेतलेला आहे. वीसेक मिनिटांच्या त्या चाचणीत जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते. उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवणाऱ्या यंत्रणेला यापेक्षा सोयीची परीक्षा ती कोणती? युरोपने २०१७ पासून नवा क्रम स्वीकारला. त्यात उभे राहण्याचा काळ पुष्कळ कमी केला असल्याने यंत्रणेचे गुणही तेवढेच घटले. टोयोटा कंपनीने २०२० साली जपानमध्ये आणलेल्या यारिस या लहान गाडीच्या साध्या पेट्रोल प्रकारांतून ही सोय काढूनच टाकली. ज्या कंपनीने १९७४ साली तिचा पहिला प्रयोग केला तिनेच हे करावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

इंजिन आणि स्टार्टर यांचे काय?

झीज होण्याची भीती ही सर्वांत जास्त बोलून दाखविली जाणारी आणि, माझ्या मते, सर्वांत कमी आधार असलेली भीती आहे.

इंजिनातील क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो तेथे धातूला धातू लागत नाही. मधे तेलाचा अत्यंत पातळ थर असतो व शाफ्ट त्यावर तरंगतो. इंजिन थांबले की हा थर हळूहळू दबतो आणि पुन्हा सुरू होताना क्षणभर घर्षण होते. म्हणून सुरू होण्याचा क्षण झिजेचा, हे खरेच आहे. पण त्यातही सकाळचे गार इंजिन आणि सिग्नलवर अर्धे मिनिट थांबलेले तापलेले इंजिन यांत मोठा फरक आहे. रात्रभर उभ्या गाडीतील तेल खाली उतरलेले आणि घट्ट झालेले असते. अर्ध्या मिनिटात ते बेअरिंगातून पुरते निघून जात नाही. शिवाय यंत्रणा गार इंजिन बंद करीतच नाही. पाणी ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय ती कामाला लागत नाही. आणि अशा इंजिनांत बेअरिंगांवर घर्षण सोसणारा पॉलिमरचा लेप देण्याची पद्धतही उत्पादकांनी स्वीकारली आहे.

स्टार्टरचा हिशेब तर बोटांवर करता येईल. साधी मोटार दिवसाला पाच वेळा सुरू केली, तर ३०० दिवसांच्या वर्षाप्रमाणे १५ वर्षांत २२,५०० वेळा सुरू होते. यंत्रणा असलेल्या गाडीत दिवसाचे वीस थांबे धरले, तर तेवढ्याच काळात ९०,००० वेळा. जुन्या घडणीचा स्टार्टर हा ताण सोसणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच या गाड्यांत दात, ब्रश आणि बेअरिंगे अधिक बळकट असलेला व काही लाख वेळा सुरू करण्याच्या हिशेबाने घडविलेला स्टार्टर असतो. काही गाड्यांत निराळा स्टार्टर नसून वीज निर्माण करणारे यंत्रच पट्ट्याच्या साहाय्याने इंजिन फिरविते. तेथे दात एकमेकांत अडकण्याचा प्रश्न उरत नाही आणि इंजिन जवळजवळ आवाज न करता सुरू होते. मात्र हा पट्टा आता दोन्ही बाजूंनी ओढला जातो. तो व त्याला ताण देणारी पुली यांची तपासणी वेळच्या वेळी करून घेतली पाहिजे. दुरुस्तीच्या वेळी मूळ स्टार्टरऐवजी स्वस्तातला साधा स्टार्टर बसविला, तर वरचा सारा हिशेब कोसळतो, हे सांगायला नको.

टर्बो असलेल्या इंजिनाविषयी थोडी अधिक सावधगिरी हवी. टर्बोची चकती फार वेगाने फिरते व फार तापते. तिला थंड ठेवणारे तेल इंजिनाबरोबरच थांबते आणि तापलेल्या जागी ते जळून काजळी धरू शकते. तापमान जास्त असेल तर यंत्रणा इंजिन बंद करीत नाही, आणि काही गाड्यांत पाणी फिरविणारा विजेचा पंप मागाहून चालू राहतो. तथापि लांबच्या वेगवान प्रवासानंतर किंवा घाट चढून आल्यावर एखादे मिनिट इंजिन शांतपणे चालू ठेवण्याची जुनी सवय सोडू नये.

खरा नाजूक भाग : बॅटरी

या यंत्रणेचे यशापयश ज्या एका वस्तूवर अवलंबून आहे ती म्हणजे बॅटरी. वाचकांनी या लेखातील दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी एवढे अवश्य ठेवावे.

साध्या गाडीत बॅटरीचे काम क्षणाचे असते. इंजिनाला एक जोराचा धक्का द्यायचा आणि मग दिवसभर भरून घ्यायचे. यंत्रणा असलेल्या गाडीत इंजिन थांबले असताना दिवे, पंखा, रेडिओ, संगणक हे सर्व तिच्यावर चालते आणि लगेच पुन्हा तोच जोराचा धक्का तिला द्यावा लागतो. हे दिवसातून वीस वेळा. त्यातच अशा गाड्यांतील वीज निर्माण करणारे यंत्र, म्हणजे आल्टर्नेटर, बॅटरी पूर्ण भरत नाही. गाडी उतारावर किंवा ब्रेक लागत असताना जी फुकटची वीज मिळते ती साठविण्यासाठी थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवली जाते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहणे हे शिसे-आम्लाच्या साध्या बॅटरीला मानवत नाही. तिच्या पट्ट्यांवर कठीण क्षार धरतात आणि तिची साठवणशक्ती घटत जाते.

यासाठी दोन प्रकारच्या खास बॅटऱ्या निघाल्या आहेत. पहिली ‘ईएफबी’ नावाची. ती साध्या बॅटरीचीच सुधारलेली आवृत्ती असून तिच्या पट्ट्यांवर तंतूंचे आवरण घालून आतील द्रव्य गळू दिले जात नाही. दुसरी ‘एजीएम’. हिच्यात आम्ल मोकळे नसते. काचतंतूंच्या चटईत ते शोषून ठेवलेले असते. ती अधिक दमदार असते, पण साध्या बॅटरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही महाग पडते. उष्णता दोघींनाही बाधते. बॅटरीचे तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. युरोपातील थंड हवेत पाच-सहा वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडील वैशाखात तेवढी टिकेल अशी आशा धरू नये. किनारपट्टीवर खारी हवा टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढविते, ती निराळीच.

आता वरच्या हिशेबाकडे पुन्हा वळू. खास बॅटरीसाठी ४,००० रुपये अधिक मोजले आणि ती चार वर्षे टिकली असे धरले, तर वर्षाला १,००० रुपये जादा खर्च झाला. म्हापशाच्या कर्मचाऱ्याला तरीही १,८०० रुपये उरतात. सत्तरीच्या बागायतदाराला मात्र ४७५ रुपये पदरचे घालावे लागतात. आकडे गाडीगणिक बदलतील. हिशेबाची रीत बदलणार नाही.

आमच्या ओळखीचे डिचोली तालुक्यातील एक शिक्षक आहेत. त्यांनी अशी एक गाडी जुनी विकत घेतली. दीड वर्षाने बॅटरी संपली, तेव्हा एका गॅरेजमध्ये तेवढ्याच आकाराची साधी बॅटरी त्यांना बसवून दिली गेली. निम्म्या पैशांत काम झाले म्हणून गुरुजी खूश होते. आठ महिन्यांनी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी पणजीला नेत असता पुलाच्या तोंडाशी रांगेत इंजिन आपोआप थांबले आणि पुन्हा सुरू होताना नुसते टकटक करून राहिले. मागे वाहनांची रांग. चार माणसांनी ढकलले, तरी सुरू होईना. ढकलून गाडी सुरू करण्याची जुनी युक्ती येथे चालेलच असे नाही. पेट्रोलचा पंप आणि संगणक यांनाच पुरेशी वीज मिळाली नाही तर चाके कितीही फिरविली तरी उपयोग होत नाही. वृद्ध आईला रिक्षाने पुढे पाठवावे लागले. गुरुजींनी दोष यंत्रणेला दिला. दोष बॅटरीच्या निवडीचा होता, हे त्यांना दुसऱ्या एका जाणकार मेकॅनिकने सांगितले.

म्हणून बॅटरी बदलताना गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा. मुळात एजीएम असेल तर तिच्या जागी दुसरी घालू नये. मुळात ईएफबी असेल तर एजीएम घालावी की नाही हे अधिकृत केंद्राला विचारावे. बॅटरीच्या ऋण टोकावर बहुधा एक लहानसा सेन्सर असतो व तो तिची नाडी सतत पाहत असतो. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून उसनी वीज घेताना काळी तार थेट त्या टोकाला न लावता पुस्तिकेत दाखविलेल्या धातूच्या भागाला लावावी, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. काही गाड्यांत नवी बॅटरी बसविल्याची नोंद संगणकात करावी लागते. ती न केल्यास गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून वागविते.

बंद होत नाही म्हणजे बिघडली?

दुरुस्ती केंद्रांवर एक तक्रार हमखास येते : “पहिले सहा महिने इंजिन आपोआप बंद होत असे, आता होत नाही.” पुष्कळदा यात बिघाड काहीच नसतो. इंजिन बंद करण्यापूर्वी यंत्रणा अनेक गोष्टी पाहते. इंजिन पुरेसे तापले आहे काय, बॅटरीत ते पुन्हा सुरू करण्याइतकी शक्ती आहे काय, चालकाचा पट्टा लावलेला व दार मिटलेले आहे काय, ब्रेकला साहाय्य करणारी पोकळी पुरेशी आहे काय, आतील हवा हवी तेवढी थंड झाली आहे काय. एका प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तरी ती इंजिन चालू ठेवते. रोज दोन-तीन किलोमीटर जाणाऱ्या गाडीची बॅटरी भरतच नाही, त्यामुळे यंत्रणा स्वतःहून मागे राहते. हे तिचे शहाणपण आहे. लांबच्या प्रवासानंतरही ती कामाला लागत नसेल, तर बॅटरी म्हातारी होत चालल्याची ती पहिली सूचना समजावी आणि ती रस्त्यात दगा देण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

याचा अर्थ खरे बिघाड होत नाहीत असा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०२२ साली होंडा कंपनीच्या पायलट या सुमारे १ लाख ९५ हजार गाड्यांची चौकशी सुरू केली. थांबल्यावर बंद झालेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही, अशा दोनशेहून अधिक तक्रारी तिच्याकडे आल्या होत्या. पुढे त्या चौकशीची व्याप्ती वाढविण्यात आली. असा प्रसंग आलाच तर घाबरून जाऊ नये. ब्रेक दाबून ठेवावा, धोक्याचे चारही दिवे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा ‘पार्क’मध्ये घ्यावा आणि नेहमीप्रमाणे किल्लीने अथवा बटणाने इंजिन सुरू करावे.

अमेरिकेत तर हा विषय राजकारणातही शिरला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी मे २०२५ मध्ये या यंत्रणेवर जाहीर टीका केली. लोकांना ती आवडत नाही आणि केवळ सवलतीच्या गुणांसाठी कंपन्या ती बसवितात, असा त्यांचा सूर होता. नावड खरी आहे. तेवढ्यावरून बचत खोटी ठरत नाही.

ऊन, पाऊस आणि घाट

आपल्या हवामानात काही उणिवा अधिक जाणवतात. पुष्कळशा मोटारींत थंड हवेचे यंत्र इंजिनाच्या पट्ट्यावर चालते. इंजिन थांबले की पंखा फिरत राहतो, पण थंडावा निर्माण होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मिनिटभरात आतली हवा कोंदट होते आणि यंत्रणा इंजिन पुन्हा सुरू करते, किंवा मुळात बंदच करीत नाही. म्हणजे ज्या दिवसांत रांगेत सर्वाधिक पेट्रोल जळते त्याच दिवसांत बचत सर्वांत कमी. पावसाळ्यात याच कारणाने समोरची काच आतून धुरकट होते. काच स्वच्छ करण्याचे बटण दाबले की बहुतेक गाड्यांत इंजिन चालू राहते. ते दाबण्यास संकोच करू नये.

रस्त्यावर पाणी साचले असेल तेव्हा मात्र ही यंत्रणा बटणाने आधीच बंद करावी. पाण्यात गाडी अडखळून थांबली आणि इंजिन बंद झाले, तर धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत पाणी शिरू शकते. काही उत्पादकांनी आपल्या पुस्तिकांत ही सूचना स्पष्ट शब्दांत दिली आहे. जून-जुलैमध्ये सखल भागातून जाणाऱ्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

फेरीच्या धक्क्यावर निराळी गोष्ट असते. तेथे थांबा सेकंदांचा नसून दहा-पंधरा मिनिटांचा असतो. यंत्रणेच्या भरवशावर गाडी तशीच ठेवली, तर दिवे व पंखा बॅटरी पितात आणि थोड्या वेळाने इंजिन आपणहून सुरू होते. अशा ठिकाणी किल्लीनेच इंजिन बंद करावे. रेल्वे फाटकापाशीही तेच.

घाटाविषयी एक गैरसमज धोकादायक आहे. “कंपनीची गाडीच इंजिन बंद करते, मग उतारावर आपण केले तर काय बिघडले?” असे म्हणून चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना किल्ली फिरविणारे चालक आहेत. यंत्रणा इंजिन बंद करते ते गाडी उभी राहिल्यावर, किंवा काही गाड्यांत अगदी मंद वेगात थांबत आल्यावर, आणि ब्रेकच्या साहाय्यक शक्तीवर तिची सतत नजर असते. ती कमी पडू लागली की ती इंजिन सुरू करते. चालकाने किल्ली फिरविली की ही राखण संपते. दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक लाकडासारखा कठीण होतो, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढली तर ते अडकूही शकते. आणि एवढे करून वाचते काय? आजचे इंजिन उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोलचा फवारा स्वतःच थांबविते. गिअरमध्ये उतरणारी गाडी पेट्रोल जाळीत नाही आणि इंजिन तिला मागे धरून ठेवते, ते वेगळेच. किल्ली फिरविणारा माणूस मिळत नसलेल्या बचतीसाठी जीव पणाला लावतो.

चढणीवर थांबल्यास हँडब्रेक ओढूनच निघावे. इंजिन सुरू होण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात गाडी मागे सरकू नये म्हणून काही गाड्यांत खास सोय असते. सर्वांत नसते.

शांत इंजिनाचा धोका

बंद झालेले इंजिन आणि बंद केलेली गाडी यांतला फरक घरातील सर्वांना समजावून सांगितला पाहिजे. यंत्रणेने इंजिन थांबविले असता गाडी ‘चालू’च असते आणि केव्हाही सुरू होऊ शकते. फाटक उघडण्यासाठी चालक खाली उतरतो, गाडी शांत आहे म्हणून मूल पुढे येऊन बसते, असे प्रसंग आपल्या अंगणात नित्याचे आहेत. पट्टा सोडला किंवा दार उघडले तर बहुतेक गाड्यांत यंत्रणा आपोआप सुरू होण्याचे थांबते. पण त्यावर विसंबून मुलांना गाडीत सोडू नये. बॉनेट उघडून पट्ट्यात किंवा पंख्यापाशी हात घालण्यापूर्वी किल्ली काढून खिशात ठेवावी. बटणाची गाडी असेल तर किल्लीचा तुकडा गाडीपासून दूर ठेवावा. बॉनेटखालील जो लहान स्विच हे संरक्षण देतो तो अपघातानंतरच्या दुरुस्तीत पुष्कळदा तुटलेला किंवा जोडायचा राहिलेला असतो.

यंत्रणा नकोशी वाटली तर डॅशबोर्डवरील बटणाने ती बंद करता येते. मात्र बहुतेक गाड्यांत पुढच्या वेळी किल्ली फिरविताच ती पुन्हा जागी होते. ही खोड कायमची मोडण्यासाठी काही जण तारा तोडून बाहेरचे उपकरण बसवितात. त्यामुळे हमीची मुदत चालू असेल तर ती धोक्यात येते. रोज एकदा बटण दाबण्याचा त्रास त्या मानाने थोडा आहे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सौदा ठरविण्यापूर्वी बॉनेट उघडून बॅटरीवरील अक्षरे वाचावीत आणि पुस्तिकेतील प्रकाराशी ताडून पाहावीत. नंतर इंजिन चांगले तापेपर्यंत, म्हणजे निदान पंधरा-वीस मिनिटे, गाडी चालवावी आणि थंड हवेचे यंत्र बंद ठेवून तीन-चार वेळा थांबून पाहावे. इंजिन एकदाही आपोआप बंद झाले नाही, तर नव्या खास बॅटरीची किंमत विक्रेत्याच्या मागणीतून वजा करूनच पुढची बोलणी करावीत.